रकान्याबाहेरची नावे

हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीचा तक्ता प्रथमदर्शनी फार निरागस दिसतो. अनुक्रमांक, ग्रंथनाम, कर्ता, विषय, भाषा, लिपी, पत्रसंख्या, काल, अवस्था, आणि अगदी कडेला शेरा. एवढ्या मोजक्या रकान्यांत एका पोथीचे सारे आयुष्य बसवायचे आणि पुढची पोथी उचलायची. विद्यापीठाच्या ग्रंथालयात हे काम करताना मनाला एक संथ लय लागते. रुमालाची गाठ सुटते, जुन्या कागदाचा कोरडा, किंचित उग्र गंध पसरतो, कसरीने कोरलेल्या नाजूक वाटा पानामागून पान ओलांडत आरपार गेलेल्या दिसतात, आणि कर्त्याचे किंवा नकलकाराचे नाव मिळेल या आशेने आपण आधी शेवटचे पान उलटतो. भेटणारे लोक विचारतात, काय सापडले? त्यांच्या मनात एखादे लुप्त महाकाव्य असते, एखादा अज्ञात राजा असतो. मला त्यांना सांगावेसे वाटते की सापडली ती माणसे, आणि त्यांतली बहुतेक अशी, की ज्यांच्यासाठी तक्त्यात रकानाच ठेवलेला नाही.

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतून आलेल्या रुमालांपुढे सर्वांत आधी हात टेकतो तो भाषेचा रकाना. एकाच बाडात मराठी आरत्या कानडी लिपीत उतरलेल्या असतात, त्यांच्यामागे बाळबोधीतले एखादे संस्कृत स्तोत्र, मध्येच मोडीत लिहिलेला ज्वारीच्या देण्याघेण्याचा हिशेब, आणि पुठ्ठ्याला बळकटी यावी म्हणून चिकटवलेल्या जाड कागदावर घसरत्या फारसी अक्षरांतली कुठल्याशा इनामाची अर्धी ओळ. या बाडाची भाषा कोणती? सूचिकाराला एक उत्तर द्यावे लागते आणि तो ते देतो. पण ज्या घरात हे बाड जन्मले त्या घराला हा प्रश्न कधी पडला असेल असे वाटत नाही. देवघरात एक, अंगणात दुसरी, कचेरीत तिसरी अशा भाषा तिथे एकमेकींच्या सोबतीने नांदत होत्या आणि कुणाला त्यात विशेष काही वाटत नव्हते. प्रश्न आमचा आहे, आमच्या काळाचा आहे. तो त्या पानांवर लादताना लेखणी क्षणभर अडखळते, आणि अडखळू द्यावी.

आळंद तालुक्यातल्या कडगंचीचे सरस्वती गंगाधर हे या भूमीच्या स्वभावाचे सर्वांत मोठे उदाहरण. ज्या ग्रंथाची पारायणे कोकणापासून वऱ्हाडापर्यंत मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तो गुरुचरित्र हा ग्रंथ रचणाऱ्याची घरची भाषा कानडी होती, आणि आपल्याला मराठी येत नाही हे त्याने ग्रंथातच विनयाने सांगून ठेवले आहे. गाणगापुरी भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर नृसिंह सरस्वतींनी जी वर्षे काढली, त्यांची आठवण सायंदेव या पूर्वजाने उराशी धरली. नागनाथ, देवराव, गंगाधर अशा पिढ्यांतून ती उतरत आली. आणि ती ओव्यांत गुंफताना सरस्वती गंगाधरांनी सायंदेवाच्या मुखातली कानडी पदे मात्र कानडीच राहू दिली. सप्ताहाला बसलेला मराठी वाचक त्या स्थळी येतो तेव्हा न कळणारे शब्द तितक्याच निष्ठेने उच्चारतो, आणि पुढच्या ओवीला पुन्हा आपल्या भाषेत परततो. परक्या भाषेला एवढा निःशंक मान देणारे वाचन मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे.

याच ग्रंथाच्या हस्तलिखित प्रतींत अध्यायांची संख्या सारखी नाही; कुठे एकावन्न, कुठे बावन्न, कुठे त्रेपन्न. रामचंद्र कृष्ण कामत यांच्यासारख्यांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून शुद्ध पाठ ठरवण्याचा ध्यास घेतला आणि मराठी वाचक त्यांचे ऋण मानतो. पण सूचीच्या टेबलाशी बसून पाहिले तर हा संख्याभेद नुसता दोष वाटत नाही. कुणा नकलकाराला वाटले असेल की या अध्यायाचा विस्तार दोन बैठकांत वाचावा, कुणाला वाटले असेल की साऱ्या कथेचे सार शेवटी एकत्र यावे. श्रद्धेने वाचणाऱ्याचा हातही कधीकधी लिहू लागतो, आणि तसे लिहिताना त्याला आपण काही बदलतो आहोत याची जाणीवही नसते. ज्या कडगंचीत एका कुटुंबाने एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्याच गावच्या शिवारात आज २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचे आवार पसरले आहे. ज्ञानाचे जतन घराकडून संस्थेकडे येते तेव्हा त्याला भिंती, कपाटे आणि विद्युत्प्रकाश मिळतो; त्या घराचा उंबरठा मात्र मागे राहतो, आणि तो कोणत्या रकान्यात नोंदवायचा हे कुठलीही नियमावली सांगत नाही.

कर्त्याचा रकाना भाषेच्या रकान्याहून अधिक कठोर आहे, कारण तो भरला की वाद मिटल्यासारखा वाटतो. कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचे निर्वाण १४२२ सालचे. ‘मेराज-उल-आशिकीन’ ही दखनी गद्याची छोटी पुस्तिका त्यांच्या नावावर होती. मौलवी अब्दुल हक यांनी ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धात प्रकाशात आणली, आणि दखनी गद्याचा आरंभ तिच्यापासून मोजला जाऊ लागला. पुढे हफीज कतील यांनी पोथ्यांच्या साक्षीने दाखवून दिले की ती बरीच नंतरची आहे, दुसऱ्याच कुणाची आहे. थोर नावाच्या सावलीत अनाम लेखन विसाव्याला येते. ज्ञानदेव, नामा, तुका यांच्या मुद्रा घेतलेले किती अभंग आमच्या बाडांत असतात हे सूचिकाराला विचारावे. त्यात फसवणूक शोधू नये असे मला मनापासून वाटते. आपले नाव पुसून गुरूचे नाव लिहिणाऱ्याने स्वतःसाठी जे मागितले ते एवढेच, की शब्द टिकावेत. आम्ही आज पाठचिकित्सा करतो तेव्हा त्या शब्दांचा खरा धनी शोधतो, आणि शोधलाच पाहिजे. पण ज्याने धनीपण सोडून दिले होते त्याच्या हाती ते परत ठेवताना त्याची इच्छा काय होती हेही स्मरावे.

या दिशेने विचार जातो तेव्हा मृत्युंजय आठवतो. परंपरा सांगते की तो बहामनी राजकुळातला शहा मुंतोजी. कल्याणीच्या सहजानंदांचा शिष्य झाला आणि मराठीत अद्वैत लिहू लागला. त्याचा ‘सिद्धसंकेतप्रबंध’ सूचीत नोंदवायचा तर कर्त्याच्या रकान्यात कोणते नाव घालावे, जन्माचे की दीक्षेचे? वीरशैव त्याला आपला मानतात, आनंद संप्रदाय आपला मानतो, आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींचा मागोवा घेतला तेव्हा त्याला त्या मालिकेतही मानाचे स्थान मिळाले. मला वाटते त्याच्यापाशी ही सारी नावे आनंदाने नांदली असती.

बिदरचा उच्चार झाला की माझ्या मनात मात्र पोथ्यांआधी दोन कागद येतात. त्यांपैकी एकही माझ्या तक्त्यात कधी येणार नाही. एक इतिहासात नाहीसा झाला, दुसरा कथेत जन्मला. तरी बिदरच्या साऱ्या दप्तराचा अर्थ मला त्या दोन कागदांपाशी लागतो.

पहिला कागद महमूद गवानचा. गिलानहून आलेला हा व्यापारी १४५३ च्या सुमारास बिदरला पोचला, बहामनी राज्याचा वजीर झाला, आणि १४७२ साली त्याने उभारलेल्या मदरशाच्या रंगीत फरशांचा काही भाग आजही त्या तुटलेल्या भिंतींवर निळ्या तेजाने तग धरून आहे. मदरशाच्या ग्रंथालयात ३००० पोथ्या होत्या असे परंपरा सांगते. स्वतः गवान हा पत्रलेखनाचा आचार्य. ‘रियाज-उल-इन्शा’ हा त्याच्या पत्रांचा संग्रह, आणि ‘मनाझिर-उल-इन्शा’ हे पत्र कसे लिहावे याचे शास्त्र. हेरातच्या जामीला त्याने पत्रांतून दख्खनला येण्याचे निमंत्रण दिले होते. ज्या माणसाचा अवघा विश्वास लिहिलेल्या शब्दावर होता, त्याचा अंत एका लिहिलेल्या शब्दानेच व्हावा! दरबारातल्या शत्रूंनी त्याच्या मुद्रा सांभाळणाऱ्या सेवकाला मद्य पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि वर ओडिशाच्या राजाला लिहिलेला फितुरीचा मजकूर भरला. शिक्का खरा होता, अक्षर खोटे होते. सुलतान मुहम्मदशहाने चौकशीचा धीर धरला नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी गाठलेल्या वजिराचा वध झाला. वर्ष पुरते उलटण्याआधी सुलतानही गेला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत राज्याचे पाच तुकडे झाले.

दुसरा कागद मराठी मनाने बिदरच्या दप्तरातून आणला आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी पेवे उघडून भुकेल्यांना धान्य वाटले, बिदरहून बोलावणे आले, आणि पंत वाटेत असतानाच विठू महाराच्या रूपाने विठ्ठल दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून आला आणि पावती घेऊन आला. ती पावती पुढे पंतांना आपल्या गीतेच्या पोथीत सापडते. लहानपणापासून ऐकलेली ही कथा सूचीच्या कामात पडल्यावर मला निराळी ऐकू येऊ लागली. देवाने मोहरांची थैली रिती केली आणि तो अंतर्धान पावला, एवढ्याने कथा सांगणाऱ्याचे समाधान होत नाही. त्याला शिक्क्याचा कागद हवा आहे. शतकानुशतके वसुलीच्या कागदांखाली वाकलेल्या समाजाला पक्के ठाऊक होते की भरलेल्या रकमेची नोंद नसेल तर रक्कम भरलीच गेली नाही. म्हणून त्यांनी आपल्या देवालाही कचेरीच्या दारात उभे केले आणि पोच घेतल्याशिवाय परतू दिले नाही. श्रद्धेने व्यवहाराचा एवढा खोल अनुभव पोटात घ्यावा, याचे मला अपार आश्चर्य वाटते.

आणि देवाने रूप घेतले ते कोणाचे? गावगाड्यात सरकारी वसूल पोचवणे, सांगावा नेणे, सीमेची साक्ष देणे ही कामे महारांकडे होती. मोडी कागदांत रक्कम येते, तारीख येते, देशपांड्याचे नाव येते, कुलकर्ण्याचे हस्ताक्षर येते. भर उन्हात ती थैली डोक्यावर वाहून नेणाऱ्याचे नाव फार क्वचित येते. दप्तराने ज्याला अनाम ठेवले, कथेने त्यालाच देवाचे रूप दिले. अशी जागा भेटली की मला वाटते, लोककथा हीसुद्धा दप्तराची उणीव जाणून लिहिलेली पुरवणी आहे.

दासोपंतांच्या चरित्रातही हेच बिदर आहे. नारायणपेठेच्या देशपांड्यांचा हा मुलगा थकलेल्या वसुलापोटी ओलीस म्हणून बिदरला ठेवला गेला, आणि मुदतीच्या अखेरच्या दिवशी कोणी पाडेवार येऊन रक्कम भरून गेला अशी कथा आहे. तो पाडेवार म्हणजे प्रत्यक्ष दत्त. १५५१ ते १६१५ हा दासोपंतांचा काल. पुढे अंबाजोगाईला स्थिरावल्यावर त्यांनी जे अफाट लेखन केले त्यातले सर्वांत विलक्षण म्हणजे पासोडी: सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा खादीच्या वस्त्रावर लिहिलेले पंचीकरण. पत्रसंख्येच्या रकान्यात तिच्यासाठी काय लिहावे? पोथीचे पान उलटायचे असते, पासोडीसमोर चालावे लागते. वाचकाचे पाय वाचनात सामील होतात. बालपणी कागदाच्या थकबाकीने ज्याला ओलीस ठेवले, त्याने प्रौढपणी कागदच ओलांडून वस्त्रावर लिहावे, या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध कोणी जोडणार नाही, मीही जोडत नाही. तरी मन त्या दोहोंमध्ये येरझारा घालत राहते.

लिहिलेली गोष्ट लिहिल्या जागी राहत नाही, हा या कामातला माझा सर्वांत दृढ झालेला अनुभव. कल्याणीच्या चालुक्यांचा विक्रमादित्य सहावा आणि त्याच्या दरबारी काश्मीरहून आलेला बिल्हण. त्याने कल्याणीत रचलेले ‘विक्रमाङ्कदेवचरित’ कुठे मिळाले, तर थरच्या वाळवंटात, जैसलमेरच्या जैन भांडारात. १८७४ साली गेओर्ग ब्यूलर आणि हेर्मान याकोबी तिथे गेले, ताडपत्रांची ती पोथी त्यांनी स्वतःच्या हातांनी नकलून घेतली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत ती छापली गेली. बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणला आपल्याच राजाचे चरित्र असे मरुभूमीतून परत मिळाले. कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडची गोष्ट वेगळी नाही. राष्ट्रकूटांच्या त्या मान्यखेटात दहाव्या शतकात पुष्पदंत अपभ्रंशात लिहीत होता. त्याचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली हिरालाल जैन यांनी वऱ्हाडातल्या कारंज्याहून प्रकाशात आणले आणि ‘महापुराण’ प. ल. वैद्यांनी संपादून मुंबईत सिद्ध केले. मळखेडच्या कागिणा नदीकाठी लिहिलेले शब्द कुठल्या बैलगाडीतून, कुठल्या मुनींच्या विहारातून, कुठल्या श्राविकेच्या दानातून कारंज्याला पोचले असतील? नकला करवून दान देणाऱ्या त्या गृहिणींनी जो प्रवास घडवला त्याची दिनदर्शिका कोणी ठेवली नाही.

ग्रंथालयातल्या शोधांची कथा निघाली की म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींचे नाव येते, आणि यायलाच हवे. १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात ग्रंथ लिपीतल्या ताडपत्रांच्या एका जुडीत त्यांना कौटिल्याचे अर्थशास्त्र ओळखू आले. १९०९ मध्ये ते छापले गेले आणि प्राचीन भारताच्या राज्यव्यवहाराविषयीच्या सगळ्या कल्पनांना नवा पाया मिळाला. ही जुडी ग्रंथालयात आणून देणारा तंजावरकडचा एक पंडित होता. शामशास्त्रींनी त्याचा कृतज्ञ उल्लेख केला. पण जगाच्या स्मरणात तो ‘तंजावरचा एक पंडित’ एवढाच उरला. त्याच्या घराण्याने ती पोथी किती पिढ्या जपली, प्रत्येक पावसाळ्यानंतर ती उन्हात कोणी घातली, तिला तेल कोणी लावले? शोधाचा क्षण एकाचा असतो, जपणुकीची वर्षे अनेकांची असतात, आणि त्यांच्यावाचून तो क्षण येतच नाही.

जपणुकीचा विचार मला फार दूरच्या एका खोलीपाशी नेतो. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनगॉगमध्ये ज्यावर देवाचे नाव असू शकेल असा कोणताही कागद नष्ट करायचा नाही म्हणून तो एका बंद कोठडीत टाकला जाई. तिला गेनिझा म्हणत. शतके गेली, आणि त्या कोठडीतले सुमारे दोन लाख तुकडे सॉलोमन शेख्टर यांनी केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयात नेले. त्या तुकड्यांत आपल्याही किनाऱ्याची पत्रे निघाली. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू हा व्यापारी मंगळुरात राहत होता, आणि एडनचे मित्र त्याला मालाबरोबर कोरा कागद भेट म्हणून पाठवीत, कारण इकडे तो मिळत नसे. ज्या वर्षांत हा मनुष्य मंगळुरात कागदाची वाट पाहत होता, त्याच सुमारास कल्याणीत राजा सोमेश्वर तिसरा ‘मानसोल्लास’ रचत होता: हत्ती, पक्षी, पाकक्रिया, रत्ने, गीते, आणि त्या गीतांच्या ओघात प्राचीन मराठीचे काही कोवळे शब्द. दोन लेखण्या, एक कागदावर आणि एक पानावर, एकमेकींना न जाणता एकाच पावसाळ्यात ओल्या हवेशी झगडत होत्या, ही कल्पना मला वारंवार सोबत करते.

आमच्याकडे श्रद्धेने उलटा मार्ग धरला. पोथी जीर्ण झाली, पाने गळू लागली, वाचणारे हात उरले नाहीत, की तिला भीमेत किंवा गोदेत सोडून द्यायचे. देवाचे नाव पायदळी येऊ नये हीच भावना. तिथे त्या भावनेने कागद साठवला, इथे त्याच भावनेने तो पाण्याला दिला. या रीतीवर आम्ही अभ्यासक हळहळतो, आणि किती काय बुडाले याचा विचार करताना मलाही रात्री झोप येत नाही. पण ज्यांनी पोथी सोडली त्यांच्यावर रागावणे मला जमत नाही. ती माणसे आपल्या वडिलांच्या अस्थींशी जसे वागली तसेच पोथीशी वागली. आता गावोगाव जाऊन त्यांना एवढेच विनवावे लागते की नदीच्या आधी ग्रंथालयाचे दार ठोठावा. आणि ते ठोठावतात, विशेषतः वृद्ध स्त्रिया. सासूने सांगितले होते म्हणून पन्नास वर्षे दर नागपंचमीला रुमाल बदलला, आत काय आहे ते कधी वाचता आले नाही, असे सांगणाऱ्या बाईंसमोर आमच्या पदव्या गळून पडतात. न वाचता जपणे ही वाचनाहून कमी प्रतीची कृती आहे असे मला आता वाटत नाही.

नकलकारांविषयी किती लिहावे! पुष्पिकेत ते आपली दुखणी सांगतात: पाठ मोडली, मान वाकली, दृष्टी मंदावली, हे लेकरासारखे सांभाळा, तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा, मूर्खाच्या हाती देऊ नका. समोर जसे पाहिले तसे लिहिले, चूक असेल तर दोष मला देऊ नका, अशीही विनंती असते. हे सांकेतिक श्लोक आहेत, पोथीपोथीतून उतरत आलेले, हे मला ठाऊक आहे; तरी काजळीची शाई जिथे अचानक फिकी होते, बोरू नव्याने तासल्यावर जिथे अक्षर एकदम टोकदार होते, हरताळाच्या पिवळ्या पट्ट्याखाली जिथे चुकलेला शब्द झाकलेला असतो, तिथे संकेत संपतो आणि एक जिवंत मनगट दिसते. मनुष्यस्वभावाची एक गोष्ट मला या समासांनी शिकवली. शाश्वताविषयी लिहिताना माणूस आजूबाजूच्या क्षणभंगुराला पूर्ण विसरू शकत नाही. ब्रह्मनिरूपणाच्या कडेला गाय व्याल्याची तिथी असते, विवेकाच्या प्रकरणाशेजारी उसनवारीचे दोन रुपये असतात. निजगुण शिवयोग्यांच्या कानडी ‘विवेकचिंतामणी’चे मराठी रूपांतर १६०४ सालीच झाले होते, तेव्हापासून या प्रदेशात तत्त्वज्ञान एका भाषेतून दुसरीत जात राहिले आणि त्याच्या समासात गायी व्यात राहिल्या.

गवानच्या मदरशाचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. १६५७ मध्ये औरंगजेबाने बिदर घेतले; त्या वास्तूत सैन्य राहिले, दारू साठवली गेली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोट होऊन तिचा मोठा भाग कोसळला. पोथ्या मात्र स्फोटाने जितक्या जातात त्याहून वाटणीने अधिक जातात, असे माझे मत होत चालले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याबरोबर जुना बिदर जिल्हाही विभागला गेला: उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे, जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे. भाषेच्या न्यायाने रेषा ओढावीच लागते, आणि तिच्यामागे लोकांच्या खऱ्या आकांक्षा होत्या. पण एका देशमुखीचे वतनपत्र, त्याच्या वाटणीचा कज्जा आणि त्याच घराण्याच्या मठाला दिलेल्या इनामाची सनद अशी एकाच कथेची तीन पाने तीन राज्यांच्या कपाटांत गेली, आणि प्रत्येक ठिकाणी ती आरंभ-अंत नसलेली म्हणून नोंदवली गेली.

म्हणून शेऱ्याच्या त्या चिंचोळ्या रकान्यात मी आता शक्य तितके लिहिते: कोणत्या गावाहून आली, रुमालाचे कापड कसले, समासात कोणाच्या जन्माची नोंद, नकल कोणाची, कोणासाठी, आणि कोणाच्या घरी राहिली. पुढे कधी जुन्या बिदर जिल्ह्याची एक सलग सूची व्हावी असे फार वाटते, कलबुर्गी, हैदराबाद, लातूर, पुणे इथले संग्रह एकत्र पाहणारी, आणि मोडी, कानडी, बाळबोध व शिकस्ता या चारही लिप्या वाचणाऱ्या तरुण मुलामुलींनी शेजारी बसून केलेली. तिच्यात कर्त्याच्या रकान्याशेजारी नकलकाराचा एक रकाना असावा, त्याशेजारी पोथी जपणाऱ्या घराचा. मग उदगीरचा कुणी अभ्यासक भालकीच्या कुणाला लिहील की तुमच्याकडे जे पत्र १७ पासून सुरू होते त्याची पहिली सोळा पाने आमच्या रुमालात आहेत, अक्षर त्याच हाताचे वाटते, एकदा ताडून पाहाल का?